बॅटरी नवीन, सेल्फ नवीन, आणि गाडी तिथेच

बॅटरी बदलून झाली, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलून झाला आणि तरी गिऱ्हाईक म्हणतंय "कधी घेते, कधी नुसती टक करते", अशा गाडीत मला पहिला संशय अर्थिंगचा येतो, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. परवाची जुनी पेट्रोल हॅचबॅक तशीच होती आणि ती केस अजून डोक्यातून जात नाहीये.

बॅटरी आधी चार्जरवर टाकली, कारण अर्धवट चार्ज बॅटरीवर काढलेल्या रीडिंगला काही अर्थ नसतो. नंतर थोडी शांत ठेवून बघितली तर 12.6 व्होल्ट, लोड टेस्टही पास. मग गाडीचे मालक, काका, त्यांना म्हटलं सेल्फ मारा. इंजिन जड जड फिरतंय आणि बॅटरीच्या पोस्टवर मीटर दाखवतोय 11.4! इथेच निम्मं निदान झालं. बॅटरी मेलेली असती किंवा सेल्फ आतून जाम होऊन जास्त करंट ओढत असता तर हा आकडा धाडकन खाली आला असता, 9.6 च्या खाली गेला की आपण समजतो काय ते. इथे बॅटरी धडधाकट उभी आहे पण सेल्फला मिळतच नाहीये, म्हणजे मधे कुठेतरी अडतंय.

मग वाटेत किती व्होल्ट खर्च होतात ते मोजलं. प्लसच्या बाजूला, पोस्ट ते सेल्फचा बोल्ट, सेल्फ मारताना 0.3 व्होल्ट, चालेल. मायनसच्या पोस्टपासून इंजिन ब्लॉकपर्यंत 2.1. तिथे 0.2 च्या वर गेलं तरी माझे कान टवकारतात. तुकडे करून मोजलं, पोस्ट ते बॉडी 0.1, बॉडी ते इंजिन 2.0. सापडली, इंजिनची अर्थिंग वायर.

राग याचा आला की ही वायर आधी "चेक" झाली होती, काकांच्या समोरच. मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते बघायची सेटिंग) ठेवला, बीप वाजला, ओके. अहो बीप एका तारेवरही वाजतो! मीटर त्यातून जेमतेम मिलिअँपिअर सोडतो आणि सेल्फ ओढतो दीडशे-दोनशे अँपिअर. 0.01 ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसतसुद्धा नाही, पण 200 अँपिअर गेले की तिथेच 2 व्होल्ट खलास. अर्थिंग करंट वाहत असतानाच मोजायची असते, हे शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी का सांगत नाहीत देव जाणे.

बॅटरीच्या मायनसवरून जंपर केबल थेट इंजिनला लावली, चावी फिरवली, अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू. काका बघतच राहिले.

तशीच चालू ठेवून जंपर काढला आणि हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून चार्जिंग मोजलं. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोवर, त्याच्याच बॉडीशी धरून 14.3, आणि बॅटरीवर 13.5. डायनामो इंजिनवर बसतो ना, त्याचा परतीचा रस्ताही हीच वायर, म्हणजे तीच एक वायर स्टार्टिंगही खात होती आणि चार्जिंगही. नवीन बॅटरी चार्ज होऊन येते म्हणून काही दिवस गाडी बरी चालायची, सगळ्यांची खात्री पटायची की दोष बॅटरीचाच होता, मग ती हळूहळू उतरायची आणि परत तेच. चुकीच्या निदानाला गाडी स्वतःच होकार देत होती, तिथे आधीच्या माणसाला तरी किती बोलायचं.

वायर काढली. बाहेरून कव्हर चांगलं, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) घट्ट. थिंबलजवळ ब्लेडने चिरलं तर आत हिरवी पूड, बोटाने दाबलं तशा तारा तुटून हातात येत होत्या, शाबूत मोजक्याच.

आणि मग काका सहज बोलता बोलता म्हणाले, "मधे क्लचची केबल पण बदलली, फार जड झालेली." मी थांबलोच! इंजिनची अर्थिंग गेली की करंट मिळेल त्या लोखंडातून परत जातो, क्लचची केबल तापते आणि आतलं प्लास्टिक वितळतं. बदललेली केबल काढून बघितली, तीसुद्धा इंजिनकडच्या टोकाला अडकायला लागलेली. इतकी ठळक खूण, पण क्लचवाल्याने क्लच बघितला, बॅटरीवाल्याने बॅटरी, दोन्ही शेजारी ठेवून कोणी बघितलंच नाही.

नवीन वायर टाकल्यावर सेल्फ मारताना बॉडी ते इंजिन 0.1 च्याही खाली, आणि चार्जिंग बॅटरीवर 14.1. काकांनी विचारलं, "मग जुना सेल्फ चांगलाच होता का?" तो एक्सचेंजमध्ये गेलेला, मोजायला हातात काहीच नाही, त्यामुळे मला हो किंवा नाही काहीच सांगता आलं नाही.