आमची वाटचाल : रिसेटचं बटण, अण्णा आणि आम्ही

२००१ साली सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागं दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघांनी वेबसाइटचं काम सुरू केलं. १४ इंची मॉनिटर, ५६ के मोडेम, वेबसाइट बनवायचं ड्रीमवीव्हर हे सॉफ्टवेअर आणि बॉलचा माउस. माउसच्या पोटातली चाकं नखानं खरवडणं हे सकाळचं पहिलं काम, उदबत्तीच्याही आधी. मराठीचं म्हणाल तर आधी ‘फॉन्ट उतरवून घ्या’ची पाटी, मग मजकूर. फॉन्ट नसला की पानभर रोमन अक्षरांचा कचरा. विंडोज एक्सपीत युनिकोडची, म्हणजे वेगळा फॉन्ट न उतरवता मराठी दिसायची, सोय होती, पण ती चालू करायला विंडोजची सीडी शोधावी लागायची. आणि दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं की वेलांट्या आणि रफार छाटले जायचे. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना जास्त सांगायला नको.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बेदाण्याचे एक अडते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, आम्हीही. शिल्लक मालाची नोंद दिवाणजींनी रोज संध्याकाळी आमच्या पानावर करायची असं २००३ मध्ये ठरलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागं खुर्ची टाकून बसलो. दिवाणजी वही उघडून एका बोटानं आकडे दाबत होते. २३ ओळी, पाऊण तास. मग चष्मा वर सरकवला, बाण हळूहळू खाली आणला आणि उजवीकडचं बटण दाबलं. पान कोरं.

भरलेलं पाठवणारं सबमिट डावीकडं, भरलेलं सगळं पुसणारं रिसेट उजवीकडं. दोन्ही करडी, दोन्ही एकाच मापाची, दोन्ही इंग्रजीत. त्या काळी फॉर्म म्हटला की ही जोडी यायचीच, कशाला ते कुणी विचारत नव्हतं. दिवाणजी वळून म्हणाले, “माझंच चुकलं, साहेब.”

त्या ‘साहेब’नं मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांच्या फॉर्मवरचं रिसेट काढून टाकलं. मग वाचायला लागलो. वेबसाइट वापरायला सोपी कशी होईल याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांना वापरायला बसवलं तरी पानातल्या बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पॉल फिट्स हे मानसशास्त्रज्ञ १९५४ मध्येच, म्हणजे माउस नव्हता तेव्हा, सांगून गेले होते की जागा जितकी लहान आणि दूर तितका हात नेमका पोचायला वेळ जास्त. मी खेळाच्या सामानाच्या दुकानातून स्टॉपवॉच आणलं. कोडच्या आधी ए-फोर कागदावर पेन्सिलीनं पान काढायचं, माणसाला सांगायचं, “यावर बोट ठेवून दाखवा, माल कुठं भराल?” आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. नवीन पोरं तिथंच हरतात. समोरचा अडला की यांचं बोट पुढं गेलंच.

२००७ मध्ये एका पतसंस्थेचं मोठं काम निघालं. आम्ही साधं पान दाखवलं. शाखेतल्या टेलिफोनच्या लाइनीवरही झटकन उघडणारं. स्पर्धेतल्या दुसऱ्या पार्टीनं फ्लॅश, म्हणजे पानावर हलती चित्रं दाखवायचं सॉफ्टवेअर, आणलं होतं. समई पेटते, पाकळ्या पडतात, संस्थेचं नाव गिरकी घेतं, मागं सनई. संचालकांच्या खोलीत ब्रॉडबँड होतं, त्यामुळं तिथं सगळं लोण्यासारखं चाललं. आम्हाला विचारलं, “तुमच्या पानावर काही हलतच नाही की?” आणि वर, “फॉर्मला रिसेट नाही? ते तर लागतंच.” मी दिवाणजींची गोष्ट सांगितली. लोक हसले. काम गेलं.

पुढं त्या साइटवर सगळ्यात जास्त काय दाबलं जात होतं? ‘स्किप इन्ट्रो’, म्हणजे सुरुवातीचा देखावा वगळायचं बटण. शाखेतल्या एका ओळखीच्या क्लार्कनंच सांगितलं. पण त्याचा मला काय उपयोग! महिन्याभरात माझा भागीदार त्याच पार्टीकडं गेला, जाताना तीन गिऱ्हाइकं घेऊन. त्याला दोष देत नाही असं मी चारचौघांत म्हणतो. इथं म्हणत नाही.

२००८ च्या दिवाळीत चार महिन्यांचं भाडं थकलं होतं. कामावरच्या दोन पोरांपैकी एकाला सांगितलं, दुसरीकडं बघ. एक कॉम्प्युटर विकला. जुना हळू चालणारा ठेवला, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. पाटी उतरवायची असं ठरवून अण्णांचा हिशेब मिटवायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, गल्ला उघडला आणि पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे समोर ठेवले.
“अण्णा, एवढे कशाला?”
“दिवाणजी रिटायर झाला. नवीन पोरगं बसवलंय, त्याला पहिल्याच दिवशी जमलं. धर.”

२०१० ते २०१६ सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे बरं चाललं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि शेतकऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या हातात साइट आली. आता बाणाच्या जागी अंगठा, तोही कामाचा, जाड कातडीचा. तो राहिलेला हळू कॉम्प्युटर अजून ऑफिसात आहे, शेजारी एक तडा गेलेला स्वस्त मोबाइल. या दोन्हींवर चालल्याशिवाय काम गिऱ्हाइकाला दाखवत नाही. नवीन धंदा करणाऱ्यांनो, तुम्ही भारीतल्या लॅपटॉपवर बघता आणि खूश होता, तिथंच फसता. आणि नावाचे तीन रकाने इंग्रजी पद्धतीनं पाडू नका. ‘मिडल नेम’मध्ये वडिलांचं लिहायचं का नवऱ्याचं, यावर मी बायकांना दहा-दहा मिनिटं अडलेलं पाहिलंय. एक लांब रकाना द्या, सुटा.

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार अधिकृतपणे संपला. जानेवारीत त्या पतसंस्थेची साइट उघडून पाहिली. समईच्या जागी करडा चौकोन. मी भडंगाचा पुडा फोडला आणि अण्णांना फोन लावला, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.
“बरं झालं. तेवढा आमचा ओटीपीचा चौकोन मोठा कर, बोट बसत नाही त्यात.”