ओएई पास, बेरा फेल

जन्मल्यावर लेकाची कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं. एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी येताना मिळालेल्या कागदावर ओएई या कानाच्या तपासणीपुढे ‘पास’ असं लिहिलेलं. पुढे कुणी शंका काढली की मी तोच कागद पुढे करायचे.

पण घरात काहीतरी जुळत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली की एखाद्या दिवशी तो दचकायचा, दुसऱ्या दिवशी ढिम्म. सासूबाई म्हणायच्या, “मुलगे उशिराच बोलतात गं, याचा बापही तसाच.” आमचे डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त इंग्रजीत.

शेवटी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग या बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत गेलो. तिथे बेरा नावाची ऐकण्याची दुसरी तपासणी होती. तिच्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री त्याला जागवलं, लोकलमध्येही डुलक्या घेऊ दिल्या नाहीत. बेरात काहीच लहरी उमटल्या नाहीत. मग ओएई पुन्हा केली, ती परत पास! मला वाटलं, मशीन बिघडलंय. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कागदावर कान काढून दाखवला. ओएई आतल्या कानातल्या ‘बाह्य केसपेशी’ (आवाजाला प्रतिसाद देणाऱ्या बारीक पेशी) तपासते, बेरा आवाज नसेतून मेंदूकडे पोचतोय का ते बघते. याच्या कानात आवाज शिरत होता, पुढे मात्र विस्कळीत होऊन जात होता. या आजाराचं नाव ऑडिटरी न्यूरोपॅथी. जोरदार कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म, ऑक्सिजन कमी पडणं, कधी ओटोफर्लिन या ऐकण्याशी संबंधित जनुकातला दोष, अशी कारणं असतात. म्हणूनच एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची नुसती ओएई पुरत नाही. हे मला तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

यावर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, हा उपाय; पण ते लगेच नाही. या आजारात बेरावरून किती ऐकू येतं ते कळत नाही, त्यामुळे आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ शिकवून तपासतात. काही महिने श्रवणयंत्र लावून पाहिलं. आवाजाकडे वळायचा, शब्द मात्र पकडायचा नाही.

खरी धाकधूक एमआरआयची. इम्प्लांट केसपेशींना वळसा घालून थेट ऐकण्याच्या नसेला विजेचे संकेत देतं. नस फारच बारीक असेल किंवा मुळात तयारच झाली नसेल, तर एवढं करून हाती फारसं लागत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये दोन्हीकडची नस व्यवस्थित होती. एडिप या केंद्राच्या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत पाच वर्षांच्या आतल्या मुलांना इम्प्लांट मिळतं आणि त्याचं काम बघणारी नोडल संस्था अली यावर जंगच, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणि बाकीचे कागद एकाच ठिकाणी दिले. मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या संसर्गाचा) धोका कमी करायला न्यूमोकोकलची लस आधी घ्यावी लागली. ऑपरेशनचं मला काही सांगता येणार नाही, मी बाहेर बाकावर होते.

जखम भरल्यावर स्विच ऑन झालं, म्हणजे इम्प्लांट पहिल्यांदा चालू केलं. व्हिडिओत मुलं हसतात, आमचं पोर भोकाड पसरून रडलं आणि डोक्याला बाहेरून चिकटणारी कॉइल ओढून फेकली. नंतरच्या मॅपिंगमध्ये, म्हणजे यंत्र जुळवून घेण्याच्या भेटींमध्ये, आवाज हळूहळू वाढवत नेले. स्पीच थेरपी अजून चालू आहे. “पाणी दे” म्हणतो, पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गर्दीच्या डब्यात अजूनही गोंधळतो.

खर्चाचं ऑपरेशनआधीच विचारून घ्या: केबल, बॅटऱ्या, वॉरंटी संपल्यावरची दुरुस्ती. पावसाळ्यात प्रोसेसर, म्हणजे कानाबाहेर लावायचा भाग, रोज रात्री ओल शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवावा लागतो. इथली दमट हवा त्याला अजिबात मानवत नाही.