मालवणचं प्रवाळ: फोटो काढायचे तर अष्टमी गाठा

मागच्या वर्षी मालवणला गेलो तो नेमका पौर्णिमेला. शनिवार-रविवार जुळून आला होता, तेवढंच बघितलं. पाण्यात उतरलो तर पुढे केलेला हात धड दिसेना. दोन दिवसांच्या फोटोंत हिरवट धुक्याशिवाय काही आलं नाही. होडीवाले काका म्हणाले, "तुमी पुनवेक कित्याक इलास? भांगाक येवा." पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाण्याची ओढ वाढते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो, तेव्हा ओढ कमी आणि पाणी निवळ. यंदा जानेवारीत पंचांग बघून अष्टमीला गेलो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तीन-चार मीटरवरचा तळ वरूनच दिसला.

अंदमान-लक्षद्वीपसारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ इथे शोधू नका. इथलं प्रवाळ गढूळ पाणी सोसणारं, खडकाला चिकटून वाढणारं. या किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळाची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. तरी बरेच पर्यटक प्रवाळाला दगड समजून त्यावरून पोहत जातात. मीही तेच केलं होतं.

दगड आणि प्रवाळ ओळखायचं ते वाट्यांवरून. प्रत्येक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जीव, आपापल्या चुनखडीच्या वाटीत बसलेला असतो. पोराइटीस या वंशाच्या प्रवाळाच्या वाट्या जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या, त्यामुळे लांबून तो गुळगुळीत गोटा वाटतो. फेव्हाइटीसच्या वाट्या ठसठशीत, आणि शेजारच्या दोन वाट्यांत भिंत एकच, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. सायफॅस्ट्रियाच्या वाट्या बारीक, पण प्रत्येकीचा उंचवटा सुटा. टर्बिनारिया पसरट ताटासारखा वाढतो आणि त्याचे पॉलिप कधी कधी दिवसाही उघडे असतात, तेव्हा तो लवदार दिसतो. रंगावर मुळीच विसंबू नका, एकाच जातीत तपकिरी, हिरवट, पिवळसर असं काहीही सापडतं. फोटोवरून वंशापर्यंत पोचलात की थांबा. जात ठरवायला बहुधा सांगाड्याची बारीक रचना बघावी लागते, आणि त्यासाठी तुकडा तोडणं हा गुन्हा आहे.

ओळख पटवायची तर एका प्रवाळाचे तीन फोटो हवेत: पूर्ण वसाहत आजूबाजूच्या खडकासकट, मग हातभर अंतरावरून पृष्ठभाग, आणि शेवटी वाट्या मोजता येतील इतक्या जवळून. तिसऱ्यात माप हवंच. मी शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी दोरीने मनगटाला बांधली होती. ती शेजारी धरायची, प्रवाळाला टेकवायची नाही. पाणी तांबडा रंग सर्वांत आधी गिळतं, म्हणून जवळच्या फोटोला टॉर्च लागतो. तो लेन्सच्या शेजारून मारलात तर पाण्यातला प्रत्येक कण चमकतो. बाजूने, तिरका धरा. माझा ऑलिंपसचा टीजी-६ एक सेंटिमीटरवरूनही फोकस घेतो, त्याने काम भागलं.

सराव मी आधी सिंगापूरच्या एका मत्स्यालयात केला होता. तिथे लेन्स काचेला काटकोनात, अगदी चिकटवून धरायची, नाहीतर चित्र फाटतं आणि आपलंच प्रतिबिंब येतं. टाक्यांवरच्या निळ्या दिव्यांत सगळं जांभळं येतं, तेव्हा लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावा.

बुकिंग करताना एक गोष्ट आधीच विचारून घ्या. एका होडीवर मासे जमवायला बिस्किटं टाकत होते आणि फोटोसाठी लोकांना थेट प्रवाळावर उभं करत होते. पाय टेकला की वरचं जिवंत कातडं चिरडतं. असा प्रकार दिसला तर होडी बदला, पैसे गेले तरी चालतील. पावसाळ्यात सगळं बंदच असतं, आणि माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. सकाळी लवकर उतरा, वारा पडलेला असतो.

शेवटच्या दिवशी एक फेव्हाइटीस अर्धा पांढरा दिसला. मेला असं वाटून हळहळलो, पण जवळच्या फोटोत वाट्यांमध्ये पारदर्शक पॉलिप दिसले. शेवाळही चढलेलं नव्हतं. म्हणजे रंग गेलाय, जीव आहे. खडकाच्या खुणा वहीत काढून ठेवल्यात. एप्रिलमध्ये पाणी तापतं, तेव्हाच्या अष्टमीला तिथेच पुन्हा उतरणार आहे.