पालथा हात

"तळहाताला काही कळत नाही," असं म्हणत शेजारच्या आजोबांनी हात पालथा केला आणि बाकाच्या फळीवरून सावकाश पुढं नेला. वीतभर गेल्यावर हात थांबला. मी वाकून बघितलं, काही दिसेना. चष्मा लावून बघितलं तरी दिसेना. शेवटी माझाही हात पालथा करून तिथं टेकवला, तेव्हा कुठं ते कुसळ लागलं. केसाएवढं.

गेले चार महिने आमच्या परसात साउना, म्हणजे घाम काढत बसायची वाफेची लाकडी खोली, बांधणं चाललंय. परस म्हणजे फिनलंडमधल्या तांपेरे शहराच्या कडेला, दोन बर्चच्या झाडांमध्ये सापडलेली जेमतेम जागा. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, धुराडं बाहेर निघालं. आता 'फक्त फिनिशिंग' उरलंय. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी घर बांधलंय त्यांना या 'फक्त'ची किंमत सांगायला नको.

मी आधी 'सॉना' म्हणायचो. आजोबांनी पहिल्याच दिवशी दुरुस्ती केली. "साउना. आम्ही जगाला एवढा एक शब्द दिला, तोही लोकांना धड म्हणता येत नाही." फिनिश भाषेत रोजच्या बोलण्यात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, मीही त्यांना करतो, पण मनातल्या मनात मराठीत बोलताना ऐंशीच्या घरातल्या माणसाला 'तू' म्हणवत नाही. म्हणून ते इथं आजोबाच.

55 लाख वस्तीच्या या देशात 30 लाखांच्या वर साउना आहेत. घराघरात आहेत, तळ्याकाठी आहेत, संसदेच्या इमारतीतसुद्धा एक आहे. 2020 साली युनेस्कोनं इथल्या साउना-संस्कृतीला आपल्या वारसा-यादीत घेतलं, आणि तांपेरेनं तर त्याआधीच, 2018 मध्ये, स्वतःला जगाची साउना-राजधानी म्हणून जाहीर करून टाकलं होतं. अशा गावात आपण हौसेनं साउना बांधायचा म्हणजे कोल्हापुरात जाऊन तांबडा रस्सा रांधण्यासारखं. येणारा-जाणारा चव बघणारच.

पहिली फजिती पॉलिशची. बाकं अॅस्पेनच्या लाकडाची आहेत. पाइनच्या गाठींत राळ असते. ती तापली की पाझरते आणि बसणाऱ्याला प्रसाद देते. अॅस्पेनला ती भानगड नाही. पण दिसायला हे लाकूड अगदी फिकं, आजाऱ्यासारखं. मला वाटलं, एवढी मेहनत केलीय तर थोडी झळाळी हवी. आमच्या वाड्यातले सुतारकाका पाटाला चपड्याचं पॉलिश करायचे, त्यात तोंड दिसायचं. मी एका शनिवारी दुकानातून व्हार्निश आणलं आणि वरच्या बाकाला दोन हात मारले. काय दिसत होतं! मी फोटो काढून सांगलीला आईला पाठवला. आईनं अंगठा पाठवला.

आजोबांनी आत डोकावून फक्त वास घेतला आणि म्हणाले, "आता याच्यावर उघड्या अंगानं बसणार का?"

ऐंशी-नव्वद अंश तापलेल्या खोलीत व्हार्निश चिकट होतं, पोपडे धरतं आणि वरून चटकाही देतं. दोन दिवस मी पॉलिश पेपर घेऊन ती झळाळी खरवडत होतो. नाकातोंडात भुगा. बायको दारात चहा ठेवून जायची, एक अक्षर बोलायची नाही, आणि ते न बोलणं फार ऐकू यायचं.

खरवडता खरवडता एक गोष्ट मात्र डोक्यात शिरली. आपल्याकडं फिनिशिंग असतं ते डोळ्यांसाठी. पाहुणा येतो, भिंतीकडं बघतो, फरशीकडं बघतो, "छान केलंय हो" म्हणतो. साउनात बघायला काही नसतंच. खिडकी पुस्तकाएवढी, दिवा बाकाखाली लपवलेला, वरून वाफ. तिथं पसंती-नापसंती ठरते ती पाठीवर, मांडीवर, तळपायावर. रंध्याचा ओरखडा राहिला तरी कुणी विचारत नाही. पण डोकं वर काढलेला एक स्क्रू राहिला तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो.

स्क्रूवरून आठवलं. मी ते सगळे वरून मारले होते, आपल्या रीतीनं, एका ओळीत, सुबक. आजोबांनी ते सगळे काढायला लावले आणि बाकं उलटी करून खालून मारायला लावले. लाकूड आणि लोखंड दोन्ही सारखंच तापतं. पण लाकूड आपली ऊब चिकटपणानं धरून ठेवतं आणि लोखंड एका क्षणात सगळी तुमच्या हवाली करतं. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळकांड्यात शेणी आणि ढलप्या, वर धूर, खाली तोटी. दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल-उटणं लावून, कुडकुडत, ऊब म्हणून मी त्याला जरा जास्तच खेटलो होतो. डाव्या दंडावर अजून बोटभर खूण आहे. आजोबांना ती दाखवली. त्यांनी पायजमा वर करून पोटरीवरची आपली दाखवली, भट्टीच्या दाराची. त्यानंतर आमचं जास्त जमलं.

भट्टीला इथं 'किउआस' म्हणतात. आमची लाकडावरची आहे. तिच्या डोक्यावर रचायचे दगड पेटीतून विकत आणावे लागतात. मी वीस-वीस किलोच्या तीन पेट्या आणल्या आणि दगडाला पैसे मोजले म्हणून स्वतःलाच हसलो. नदीकाठचा कुठलाही गोटा चालत नाही, तापून पाणी पडलं की तडकू शकतो. दुकानातला दगड काळपट, जड. नाव ऑलिव्हिन डायबेस. नाव परकं असलं तरी हा आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊच: तोच लाव्हारस, फक्त वर न येता जमिनीच्या पोटात सावकाश निवलेला. हातात घेतल्यावर ओळख पटते. दगड आधी धुवायचे, मग मोठे खाली, लहान वर, आणि रचताना मधून हवा खेळती ठेवायची. मी ते गडाच्या तटासारखे घट्ट बसवले होते. आजोबांनी उपसले. "भिंत नाही बांधायची, श्वास घेऊ दे त्यांना." तीनदा रचले, तीनदा उपसले. चौथ्यांदा ते काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं असावं.

दार बाहेर उघडणारं, मूठ लाकडी, आणि कडी नाही. हे आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती हादरलीच.

"कडी नसलेलं न्हाणीघर?"

"अगं, आत कुणाला चक्कर आली तर नुसतं ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे."

"आणि बाहेरनं कुणी आलं तर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण खरं उत्तर 'तर तेही आत येऊन बसतील' असं आहे. आईनं विषय बदलला. एवढं बांधलंय तर नारळ फोड, हळदकुंकू वाहा, मगच पेटव म्हणाली. आजोबांना हे भाषांतर करून सांगताना मी जरा ओशाळलो होतो, पण त्यांना काहीच नवल वाटलं नाही. साउनात एक छोटा म्हातारा राखणदार राहतो, शेवटची वाफ त्याच्यासाठी सोडून निघायचं असतं, असं त्यांच्या आजीनं त्यांना सांगितलेलं. आपल्या वास्तुपुरुषाचा मावसभाऊ म्हणायचा. नारळ तांपेरेच्या सुपरमार्केटात मिळाला. फोडायला दगड हवा होता, तो होताच.

पेटवायला बर्चची साल वापरतात. पांढरी, कागदासारखी सुटणारी, ओली असली तरी भुरकन पेट घेणारी. हिमालयात याच जातकुळीच्या झाडाची साल म्हणजे आपलं भूर्जपत्र, ज्याच्यावर पोथ्या लिहिल्या गेल्या. काडी ओढताना हात किंचित अडखळला, खोटं कशाला सांगू. पहिला जाळ अंघोळीचा नसतोच. नव्या भट्टीचा रंग जळून जाईपर्यंत दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. तासभर असा उग्र वास सुटला की पलीकडच्या घरातून कुत्रं भुंकायला लागलं.

मग शनिवार आला. इथं साउनाचा मुख्य वार शनिवार. एरवी आजोबा पिस्पालाच्या रायापोर्त्तीला जातात. 1906 मध्ये सुरू झालेला तो सार्वजनिक साउना देशातला अजून चालू असलेल्यांत सगळ्यात जुना. त्या दिवशी तिकडं न जाता ते आमच्याकडं आले, बगलेत, अंगावर हलकेच मारून घ्यायची, बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन. कपड्यांचा प्रश्न जेवढा मोठा वाटला होता तेवढा निघाला नाही. पहिली दोन मिनिटं मी छताकडं बघितलं, मग घाम इतका फुटला की लाजायला सवड उरली नाही.

वरच्या बाकावर बसलं की पाय दगडांच्या पातळीच्या वर यायला हवेत, नाहीतर डोकं भाजतं आणि पावलं थंड राहतात. ते माप मी खरंच बरोबर धरलं होतं. आजोबांनी पावलांकडं एकदा बघून मान हलवली. मग लाकडी बादलीतून डावभर पाणी घेऊन दगडांवर सोडलं. चुर्र होईल असं मला वाटलं होतं, कढत तव्यावर शिंपडल्यासारखं. तसं झालं नाही. नुसता एक लांब, मऊ निःश्वास आला, आणि क्षणभरानं मानेमागून, कानांवरून, खांद्यांवरून काहीतरी ऊन ऊन खाली उतरलं. या वाफेला ते 'लोयल्यू' म्हणतात. शब्दाचा जुना अर्थ प्राण. मी तो पाच वेळा म्हणून बघितला, पाचही वेळा चुकला.

आम्ही बोललो नाही. फळ्यांचा गोडसर वास येत होता. अंधारात मला शेजारून बारीक खसखस ऐकू आली. डहाळ्या असतील असं वाटलं.

बाहेर पायरीवर येऊन बसलो तेव्हा अंगातून वाफा निघत होत्या, हवा चार अंशांवर. खुंट्या अजून ठोकायच्या राहिल्यात, त्यामुळे टॉवेल जमिनीवर ओला झाला होता. आजोबांनी गार पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच बसून राहिले. मीही बसलो, आता काहीतरी दाद येईल म्हणून.

"भिंतीकडून तिसरी फळी," ते म्हणाले. "डाव्या टोकाला."