आमची वाटचाल : बंद पडलेल्या कंपनीचे बावीस नंबर

बार्शीत मार्केट यार्डाच्या रस्त्याला आमचं दुकान आहे. आधी तिथं एसटीडी बूथ होता. २००२ साली बूथच्या अर्ध्या जागेत काचेचं काउंटर टाकलं आणि सहा हँडसेट मांडले. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. आडतीवरची माणसं मोबाईल खिशात ठेवायची, वाजला की नंबर बघून कट करायची आणि आमच्या बूथवर येऊन त्याच नंबरला उलटा फोन लावायची. त्यामुळे मोबाईल वाढले तसा सुरुवातीला बूथही वाढला. मग मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि त्या महिन्यात बूथचा गल्ला निम्म्यावर आला. वडील म्हणाले, आता काचेकडं लक्ष दे. मी दिलं.

दुरुस्ती मी पुण्यात एका उस्तादाच्या हाताखाली आठ महिने शिकलो. पहिलं हत्यार टी-६ चा स्क्रू ड्रायव्हर, तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नोकिया ११०० चे स्क्रू त्यानं किती हजार वेळा फिरवले असतील, मोजदाद नाही. मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे. नंतर गरम हवेचं एसएमडी मशीन घेतलं, मग बोर्डाला बाहेरून वीज देणारा डीसी पॉवर सप्लाय. आजच्या पोरांना सॉफ्टवेअरचं वेड आहे, पण डीसी मशीनचा काटा वाचता आला नाही तर कारागीर म्हणवून घेऊ नये. फोन जोडला आणि पॉवरचं बटण दाबायच्या आधीच अँपिअर चढले, तर शॉर्ट बॅटरी लाइनवर. मग बोर्डावर रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर द्यायचा, पांढरा थर बसतो. बेताचा व्होल्टेज सोडला की जो कॅपॅसिटर शॉर्ट आहे तो तापतो आणि त्याच्याच डोक्यावरचा थर आधी वितळतो. पांढऱ्या बोर्डावर मोहरीएवढा एक काळा ठिपका उघडा पडतो. तो काढला की मेलेला फोन उठून बसतो. हे बघताना मला आजही तोच आनंद होतो जो पहिल्या दिवशी झाला होता.

२००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आला आणि सगळ्या कंपन्यांची झुंज लागली. आमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये एका वेळी इतक्या कंपन्या होत्या की रिटेलरच्या काउंटरवर लापू सिमचे, म्हणजे रिचार्ज मारायच्या सिमचे, सहा-सात फोन ओळीनं मांडलेले असायचे. त्या लाटेत २०१० च्या सुरुवातीला मी एका नव्या कंपनीची तालुक्याची डिस्ट्रिब्युटरशिप घेतली. नाव लिहीत नाही. जानेवारी २००८ मध्ये जे १२२ टूजी परवाने वाटले गेले, ते घेणाऱ्यांतली ती एक. दुकानोदुकानी फिरून माल देणारी सात एफओएस पोरं, २१२ रिटेलर, वैराग, पांगरी, गौडगाव, उपळे दुमाला, आगळगाव असे बीट, म्हणजे पोरांच्या फेरीचे भाग. दोन वर्षं मी दिवसाला चौदा तास राबलो. भिंती रंगवल्या, बाजारात छत्री लावून सिम दिली, फॉर्म भरले, टार्गेट एकदाही चुकवलं नाही.

२ फेब्रुवारी २०१२, गुरुवार. सुप्रीम कोर्टानं सगळे १२२ परवाने रद्द केले. दुपारपर्यंत टीव्हीवर पट्ट्या फिरत होत्या आणि माझे दोन्ही फोन थांबत नव्हते. रिटेलर एकच विचारत होते, आमच्या बॅलन्सचं काय? कोर्टानं चार महिन्यांची मुदत दिली होती. कंपनीचे एएसएम, म्हणजे एरिया सेल्स मॅनेजर, साहेब म्हणाले, ‘घाबरू नका, वरती बोलणं चालू आहे, सर्व्हिस बंद होणार नाही.’ आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून दीड लाखाची प्रायमरी, म्हणजे कंपनीकडून घ्यायचा माल आणि बॅलन्स, उचलायला लावली. मी उचलली. मला आजही त्या दीड लाखापेक्षा त्या फोनवरच्या आवाजाचा राग आहे. मार्चअखेरीस त्यांनी माझे फोन घेणं बंद केलं. पुढे कंपनीनं आमच्या सर्कलमधून गाशा गुंडाळला.

माझे अडकले ते असे : ई-टॉपअपचा बॅलन्स ३ लाख ४० हजार, कंपनीनं कबूल केलेल्या स्कीमचे येणे असलेले क्लेम २ लाख १० हजार, डिपॉझिट १ लाख. वर चार हजारांवर कोरी सिम, ज्यांचा आता काही उपयोग नव्हता. क्लेमचे मेल मी अजून जपून ठेवले आहेत. २०१७ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयानं त्या टूजी प्रकरणातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. ती बातमी मी दुकानात उभ्यानं वाचली. परवाने रद्द झाले तेव्हा त्याची किंमत तालुक्या-तालुक्यातल्या डिस्ट्रिब्युटरांनी मोजली होती. आमचं नाव ना निकालात आलं, ना पेपरात.

रिटेलरचे पैसे मात्र मी बुडू दिले नाहीत. कुणाकडं पाचशेचा बॅलन्स, कुणाकडं दोन हजारांची कूपनं. २१२ काउंटर फिरून सगळं दर्शनी किमतीला परत घेतलं. १ लाख ८४ हजार पदरचे गेले. कुर्डुवाडी रोडचा प्लॉट विकला, बायकोनं पाटल्या काढून दिल्या. ती त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेली नाही.

त्याच दिवसांत समोरच्या डिस्ट्रिब्युटरनं काय केलं, तेही लिहितो. जुन्या, बड्या कंपनीचं काम त्यांच्याकडं होतं, त्यांना कसली भीती नव्हती. त्यांनी माझी चार पोरं महिन्याला हजार रुपये वाढवून नेली आणि माझ्याच बीटवर पाठवली. ती पोरं माझ्या रिटेलरच्या काउंटरवर उभी राहून सांगायची, ‘त्यांचं दुकान उठलं, पैसे विसरा.’ मी अजून गावोगाव पैसे परत करत फिरत होतो आणि पांगरीत आम्ही रंगवलेल्या भिंतीवर चुना फिरला होता. धंद्यात स्पर्धा असावी, पण माणूस पडलेला असताना त्याच्या अंगावरून गाडी नेऊ नये. २०१८ च्या कंपन्यांच्या विलीनीकरणांत दोन डिस्ट्रिब्युटरांच्या जागी एक ठेवायची वेळ आली, तेव्हा त्यांचाही बोर्ड उतरला. त्या दिवशी मी त्यांच्याकडं जाऊन चहा घेतला. मनातली अढी मात्र गेलेली नाही, ते खोटं सांगणार नाही.

आता मुकादम मामांबद्दल. भूमकडचे ऊसतोडीचे मुकादम, २००४ पासून आमचं गिऱ्हाईक. दसऱ्यानंतर टोळी निघायची आणि मग सहा महिने कारखान्यावरून त्यांचा फोन : ‘मालक, नंबर लिहून घ्या.’ मी एकेका नंबरला रिचार्ज मारायचो, वहीत मांडायचो, परत आले की हिशोब चुकता. कधी पाच रुपयांचाही वाद नाही. नव्या कंपनीची बावीस सिम त्यांनी माझ्या शब्दावर टोळीला घेऊन दिली होती. निकाल लागला तेव्हा टोळी शिरोळकडं होती. मला फक्त एवढंच म्हणाले, ‘नंबर तेवढे जाऊ देऊ नका. गावाकडं म्हाताऱ्यांनी भिंतीवर कोळशानं लिहून ठिवलेत.’

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ पासून सुरू झाली होती. ती नसती तर ते बावीस नंबर गेलेच होते. मी दुसऱ्या कंपनीची बावीस सिम, कोरे फॉर्म, डिंकाची बाटली आणि शाईचं पॅड पिशवीत घालून एसटीनं मिरजेमार्गे शिरोळ गाठलं. टोळी अंधार पडल्यावर फडातून आली. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, लाइट नव्हती. मामांनी नोकिया ११०० चा टॉर्च लावून धरला आणि मी मांडीवर पाट घेऊन फॉर्म भरले. प्रत्येकाच्या फोनवरून १९०० ला पोर्टचा मेसेज, आलेला कोड फॉर्मवर, फोटो चिकटवायचा, अंगठा. उसाच्या पाचटानं कापलेले अंगठे, शाई नीट उठेना. दोन-दोनदा घ्यावे लागले. रात्री साडेअकराला बावीस पूर्ण झाले. पुढच्या दहा दिवसांत एकवीस नंबर लागले. एक फॉर्म चुकला होता, तो पुन्हा भरून पाठवला, तोही लागला.

एप्रिलमध्ये टोळी परतली. मामा दुकानात आले, जुना हिशोब मिटवला आणि वीस हजार रुपये काउंटरवर ठेवले. ‘हे पुढच्या सालाचं, आधीच मांडून ठेवा.’ मला कुणी बँकेनं उभं केलं नाही. त्या वीस हजारांवर मी दुरुस्तीचं टेबल पुन्हा लावलं.

त्यानंतरची चार-पाच वर्षं बरी गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं, डेटा मार्च २०१७ पर्यंत फुकट मिळाला. रांगा आमच्याही दुकानापुढं लागल्या. टॉकटाइमच्या व्हाउचरची मागणी त्यानंतर संपलीच. २०१८ च्या अखेरीस महिन्याला किमान रिचार्ज सक्तीचा झाला आणि दहा रुपये टाकून वर्षभर इनकमिंग घेणारं गिऱ्हाईक अडचणीत आलं. डझनभर कंपन्यांतून आता चार उरल्या, त्यातही चार गिऱ्हाइकांतली जवळपास तीन दोनच कंपन्यांकडं. जुलै २०२४ ची दरवाढ तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतरात केली, यावरूनच समजायचं. ऑक्टोबर २०२२ पासून फाइव्ह-जी आलं, ते चांगलंच आहे, पण २८ दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज, हे मजुराला फाइव्ह-जीच्या वेगापेक्षा आधी कळतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं फक्त बोलणं आणि एसएमएसचे वेगळे प्लॅन द्यायला लावले, तो निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. आणि बीएसएनएलनं सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी बनावटीचं फोर-जी सुरू केलं आहे. ते खेड्यात नीट चाललं पाहिजे. चौथा पर्याय जिवंत नसेल तर उरलेल्यांना दर वाढवताना कुणाचा धाक राहणार?

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना सांगतो. सगळं भांडवल एका कंपनीच्या बॅलन्समध्ये अडकवू नका. साहेबानं फोनवर स्कीम सांगितली की त्याच मिनिटाला मेल मागा. रिचार्जच्या कमिशनवर आता घर चालत नाही, लोक घरबसल्या करतात, हाताला दुरुस्ती शिकवा. हलका फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि टच, टाकून गिऱ्हाईक गमावू नका. दुरुस्तीला आलेला फोन पाकिटात नाव लिहून ठेवा, सिम काढून परत द्या. आणि भिजलेला फोन तांदळात ठेवायला सांगू नका. उघडा, आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, ब्रश मारा, मगच बॅटरी लावा.

यंदा टोळी मामांचा मुलगा घेऊन गेला. निघायच्या आधी मामा स्वतः आले होते, काठी टेकत. जुन्या बावीसांपैकी सतरा नंबर अजून चालू आहेत. साध्या फोनवाल्यांना फक्त बोलण्याचा प्लॅन मारला, पोरांना डेटाचा. दोन फोनचे चार्जिंग जॅक बदलायचे राहिले, ते टेबलावर नाव लिहिलेल्या पाकिटात आहेत. शनिवारच्या गाडीला एसटी पार्सलनं पाठवायचे आहेत.