आत कोण ओढतंय? गोफण, उसाची ट्रॉली आणि चंद्र

शाळूच्या रानात गोफणीची दोरी सोडली की धोंडा कुठे जातो? विचारून बघा, बरीच मुलं "केंद्रापासून सरळ बाहेर" असं सांगतात. पाखरं राखणाऱ्याला मात्र ठाऊक असतं की दोरी सुटताना धोंडा ज्या दिशेला चाललेला असतो, त्याच दिशेला तो निघतो. म्हणूनच समोरच्या थव्यावर मारायचं तर धोंडा समोर यायच्या पाव फेरी आधी, म्हणजे बाजूला असतानाच दोरी सोडावी लागते. धोंड्याला बाहेर ढकलणारं कुणी नव्हतंच. आत ओढणारी दोरी होती, ती गेली.

दहावीला गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात अभिकेंद्री बल, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारं बल येतं आणि मुलं ते आणखी एक नवीन बल म्हणून पाठ करतात. ते बल नव्हे, काम आहे. ते काम दर वेळी कुठलं तरी खरं बल करतं. निसर्गातली मूलभूत बलं चारच. त्यांपैकी दोन केंद्रकीय बलांची पोच अणूच्या केंद्रकापुरती, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोरच्या कुठल्याही चकरेत ती नसतात. उरली दोन: गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकीय बल. दोरीचा ताण, टायरचं घर्षण, भिंतीचा रेटा ही सगळी अणू-अणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलाचीच रूपं. तेव्हा गणित मांडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: आत कोण ओढतंय?

हे हाताने मोजता येतं. बोटभर जाड, वीतभर लांब नळी घ्या. काचेची असेल तर कडा तापवून गोल केलेली हवी, नाहीतर दोरा कापला जातो. नळीतून तंगूस ओवा. वरच्या टोकाला २० ग्रॅमचं रबरी बूच बांधा, खालच्या टोकाला १०० ग्रॅम भरतील इतके वॉशर. दगड बांधू नका, सुटला तर डोकं फुटेल. नळीच्या वरच्या तोंडापासून बुचाच्या मध्यापर्यंत ५० सेंटिमीटर दोरा राहील असं धरून, नळीच्या खालच्या तोंडाखाली साधारण १ सेंटिमीटरवर दोऱ्याला चिकटपट्टीची खूण करा. नळी डोक्यावर धरून बूच असं फिरवा की खूण तिथेच स्थिर राहील. मग आत ओढणारा दोऱ्याचा ताण वॉशरांच्या वजनाइतका असतो. २० फेऱ्यांना सुमारे १२.७ सेकंद लागले पाहिजेत.

चुका ठरलेल्या असतात. घड्याळ सुरू करताना "एक" म्हटलं की २० ऐवजी १९ फेऱ्या मोजल्या जातात. आवर्तकाल, म्हणजे एका फेरीचा वेळ, ५ टक्क्यांनी चुकतो, आणि सूत्रात (बल = ४π² × वस्तुमान × त्रिज्या ÷ आवर्तकालाचा वर्ग) त्याचा वर्ग असल्याने बलात १० टक्के चूक येते. सुरुवात "शून्य" म्हणून करा. दुसरी चूक, चिकटपट्टी नळीला टेकते. मग दोरा नळीच अडवून धरते, ताण वॉशरांच्या वजनाइतका राहत नाही आणि बूच कितीही जोरात फिरवलं तरी काही कळत नाही. तिसरी, हातच मोठा गोल फिरतो आणि त्रिज्या वाढते.

दोरा पूर्ण आडवा होत नाही, याची मात्र काळजी नको. बुचाचं वजन पेलण्यासाठी तो थोडा झुकणारच, या मापांना ११ ते १२ अंश. झुकल्याने त्रिज्या जितक्या पटीने कमी होते, ताणाचा आडवा भागही नेमका तितक्याच पटीने कमी होतो. म्हणून सूत्रात आडवी त्रिज्या न घालता दोऱ्याची तिरकी लांबी घातली की उत्तर बरोबर येतं. हा भाग मला या प्रयोगात सगळ्यात सुंदर वाटतो, आणि तो वर्गात सांगितलाच पाहिजे.

आता गाळप हंगामातला रस्ता. आष्टा, तासगाव, कराड, कुठेही वळणावर उलटलेली उसाची ट्रॉली दिसते आणि लोक म्हणतात, "लोड जास्त झाला." वळणावर आत ओढणारं असतं टायरचं घर्षण, आणि ते लागतं जमिनीलगत. ट्रॉलीचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, त्याच्या बराच वर. त्यामुळे ट्रॉली बाहेरच्या चाकांवर कलते. दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर, गुरुत्वमध्य १.८ मीटर उंचीवर आणि वळणाची त्रिज्या १५ मीटर धरली, तर ताशी २९ किलोमीटरला आतली चाकं उचलली जातात. कोरड्या डांबरावर टायर घसरण्याची वेळ त्याच्या पुढे येते, म्हणून ट्रॉली घसरत नाही, उलटते. या हिशेबात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. टन किती हे महत्त्वाचं नाही, थर किती उंच हे महत्त्वाचं. त्यात बाहेरचं चाक डांबर सोडून साइडपट्टीवर २० सेंटिमीटर खाली उतरलं, तर तीच मर्यादा ताशी २४ वर येते. हिशेबात वेगाचा वर्ग येतो, म्हणून वळणाआधी ५ किलोमीटर कमी केले तरी पुष्कळ फरक पडतो. ब्रेक मात्र वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही.

ऊस कारखान्यात पोचला की तिथेही हेच. साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्राची जाळीदार बास्केट १.२ मीटर व्यासाची आणि वेग १२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १२०० फेऱ्या धरा, तर भिंतीशी त्वरण गुरुत्व त्वरणाच्या साडेनऊशे पटीच्या वर जातं. साखरेच्या दाण्याला जाळी आत रेटते, म्हणून तो फिरत राहतो. मळीला भोकाशी आत रेटणारं कुणी नाही, ती निघून जाते. माल कमी वेगावरच भरतात, कारण थर एकीकडे जाड बसला तर वेग वाढवताना मशीन थरथरतं.

आणि चंद्र? तिथे दोरी नाही, टायर नाही, भिंत नाही. अंतर ३.८४ लाख किलोमीटर, फेरी २७.३ दिवसांची. यावरून त्याचं पृथ्वीकडचं त्वरण येतं ०.००२७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे आपल्या पायाखालच्या त्वरणाचा ३६०० वा भाग. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट लांब आहे, आणि ६० चा वर्ग ३६००. न्यूटनने हाच ताळा घेतला होता.

पृथ्वीसोबत आपणही फिरतोच, आणि गुरुत्वाकर्षणाचा थोडा वाटा त्यात खर्च होतो. विषुववृत्तावर ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग. मुख्यतः यामुळे, आणि पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली असल्याने, सांगलीत गुरुत्व त्वरण ९.८१ नसून ९.७८ च्या जवळ आहे. बुचाच्या प्रयोगात हा फरक सापडणार नाही. लंबकात सापडतो: लांबी १ मीटर, १ मिलिमीटरपर्यंत अचूक, झोका ३ अंशांच्या आत, १०० आंदोलनं. ९.८१ धरलं तर २००.६ सेकंद यायला हवेत, सांगलीत २००.९ येतील. लांबी मोजताना गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा.