तालमीला नेलेली रापी

इटलीच्या नाटकाचे मुखवटे करून द्याल का, असं विचारत एक दिग्दर्शक बाई आमच्या सुभाषनगरातल्या कारखान्यात आल्या, तेव्हा मी चपलांच्या चामडी वेण्या घालत बसले होते. कारखाना म्हणजे एक खोली आणि पुढची पडवी. पण कोल्हापुरात चपला करणाऱ्याच्या खोलीला कारखानाच म्हणतात. चपलांच्या जोडीला मी पट्टे, पाकिटं, कॅमेऱ्याचे बंद करते आणि ऑनलाइन विकते, म्हणून कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलेलं.

त्यांच्या पिशवीतून निघालं ते अर्धं तोंड. काळंभोर, बसक्या नाकाचं, कपाळावर टेंगूळ, डोळ्यांच्या जागी दोन बारकी भोकं. ओठ-हनुवटी नाहीच. हा आर्लेकिनो, म्हणजे कायम भुकेलेला नोकर. कोमेदिया देल्लार्ते नावाचा हा नाट्यप्रकार सोळाव्या शतकापासूनचा. नटाला बोलायचं, गायचं, खायचं असतं, म्हणून खालचं तोंड मोकळं. चामड्याचे असे मुखवटे करायची विद्या मधल्या काळात विसरल्यासारखी झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पादुआच्या आम्लेतो सार्तोरी नावाच्या शिल्पकारानं ती पुन्हा उभी केली. बाई हे सगळं सांगत होत्या आणि माझे सासरे मुखवटा उलटा करून त्याच्या कडेला नख लावत होते. मग त्यांनी वास घेतला.

"क्रोम न्हाई ह्ये. सालीत कमावलंय."

तिथेच मी हो म्हणाले. बाजारातलं बहुतेक कातडं क्रोमचं असतं. क्रोमियमच्या क्षारात ते दिवसा-दोन दिवसांत तयार होतं, मऊ राहतं, जॅकेटला आणि सोफ्याला झकास. पण ओलं करून साच्यावर दाबलं, तर वाळताना हळूच मूळपदावर येतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात आठवडे काढलेलं कातडं भिजलं की कणकेसारखं वळतं आणि वाळलं की त्याच आकारात ताठ उभं राहतं. कोल्हापुरी चप्पल काही दिवसांनी आपल्याच पायाची होऊन बसते ती यामुळेच. तिकडे साल दुसऱ्या झाडाची असेल, गुण तोच.

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दिसल्यापासून आमच्याकडे इटली हा शब्द नुसता उच्चारला तरी चर्चा पेटते. शेजारच्या मामांनी दारातूनच आवाज दिला, "त्यांनी आपली चप्पल नेली, तू त्यांचं तोंड आण!"

साच्यासाठी बापट कॅम्पातल्या एका मूर्तिकारानं नटांच्या चेहऱ्यांची मापं घेऊन शाडूत चार मुखवटे घडवले आणि सुतारानं ते शिवणीच्या लाकडात कोरले. साचा लाकडाचाच लागतो, कारण कातडं ताणून कडेनं खिळे मारायचे असतात. प्लास्टर तिथे तडकतं. खिळे पितळी. सालीत कमावलेल्या ओल्या कातड्याला लोखंड टेकलं की काळा डाग पडतो आणि तो जन्माचा. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिसळून शाई करायचे, तेच रसायन हे.

म्हशीचं कातडं या कामाला जरा भरडच. पण २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाच्या कातड्याचं नाव काढायची सोय नाही. मी रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या पात्यानं, मागची बाजू तासून ते पातळ केलं, बुडबुडे थांबेपर्यंत कोमट पाण्यात ठेवलं आणि रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. सकाळी साच्यावर घालून नाकापासून सुरुवात केली. अंगठे डोळ्यांच्या खाचेत, मग गालाच्या हाडावर, मग चुण्या कडेकडेला सरकवत नेऊन तिथेच जिरवायच्या. ठोकायला म्हशीच्या शिंगाचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा. शिंगानं ठोकलं की कातड्याला वण पडत नाही. हे काम मी कुणालाही हात लावू न देता केलं. सासरे फक्त खोकून मत देत होते.

बाईंची एक अट मात्र मला विचित्र वाटली होती: पॉलिश करू नका, तालमीला कोरेच आणा, आणि अवजारं घेऊन या.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हापासून नाटकवाले मिळेल तिथे तालीम करत होते. ही तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी पिशवीत रापी, आरी, शिंग, स्पंज आणि साचे घेऊन गेले. आर्लेकिनो करणारा पोरगा कॉलेजातला, सडपातळ, पायात स्प्रिंग असल्यासारखा. मुखवटा चढवून त्यानं एक कोलांटी मारली आणि उठताना दोन पावलं टाकली ती थेट मंचाच्या कडेला. खाली उभ्या असलेल्या दोघांनी त्याला झेलला म्हणून बरं.

"मावशी, खालचं काहीच दिसत नाही हो. भोकं मोठी करा."

मी रापी काढली, पण बाई मागच्या रांगेतून ओरडल्या, "भोकाला हात लावायचा नाही!" आणि मला तिथे बोलावून घेतलं. जाऊन बसले तेव्हा कारण कळलं. भोकं बारीक असल्यामुळे पोराला कुठेही बघायचं तर अख्खं डोकं वळवावं लागत होतं. डोळे इथून दिसतच नव्हते; दिसत होतं ते नाक. नाक जिकडे वळेल तिकडे सगळा हॉल बघत होता. भोकं मोठी केली असती तर डोळे दिसले असते आणि तो मुखवटा लावलेला पोरगा झाला असता.

पण पडून हातपाय मोडणंही परवडणारं नव्हतं. मी मुखवटा उपडा घेतला. चपलेच्या पट्ट्याची कड जोडाला जाड होऊ नये म्हणून आम्ही ती आतून तासतो, तिरकी, शेवटाला कागदाइतकी पातळ. तेच भोकाच्या आतल्या कडेला केलं. खाली सगळ्यात जास्त, कानाच्या बाजूला थोडं, नाकाकडे अजिबात नाही. बाहेरून भोक होतं तेवढंच, आतून उतरतं. भोक डोळ्याच्या इतकं जवळ असतं की आडवी येणारी कड नुसती कापली तरी नजर बरीच खाली जाते. रापी अंगठ्याच्या पेराला टेकवून, श्वास धरून करायचं काम आहे हे. जरा घसरली की बाहेरची कड गेली. पोरानं पुन्हा चढवला, मंचाच्या कडेपर्यंत चालत गेला आणि तिथे एका पायावर उभा राहिला.

"आता चप्पल दिसतेय. माझी."

मग दिवे लागले आणि नवीनच भानगड. वरून प्रकाश पडला की भुवईची सावली डोळ्यांवर यायची आणि आर्लेकिनो रागीट दिसायचा. बाई म्हणाल्या, "ताई, हा चिडलेला नाही, उपाशी आहे." कोरा का आणायला सांगितला होता ते आता उमगलं. मेण-पॉलिश झालेल्या कातड्यात पाणी शिरत नाही, कोऱ्यात शिरतं. भुवई स्पंजनं ओली केली, मुखवटा साच्यावर चढवला आणि शिंगानं भुवईची आतली टोकं वर रेटली, बाहेरची खाली आणली. एक मुलगी हेअर ड्रायर घेऊन धावत आली, तिला थांबवलं. ओल्या सालीच्या कातड्याला गरम हवा लागली की ते आक्रसून लाकूड होतं, मग देव आला तरी सरळ होत नाही. टेबलफॅनसमोर ठेवून सगळ्यांनी वडापाव खाल्ले.

तेवढ्या वेळात आर्लेकिनोच्या काठीलाही बिजागरी लावून दिली. दोन पातळ फळ्यांची ती काठी मारली की फळ्या एकमेकींवर आपटून फटकन आवाज येतो. लागत कुणाला नाही. त्यांनी फळ्या सुतळीनं बांधल्या होत्या. चामड्याची वादी लावल्यावर असा आवाज आला की शाळेचा शिपाई बघायला आला.

काळा रंग घरी येऊन दिला. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून ठेवलेली बाटली माझ्याकडे असतेच (झाकण घट्ट लावू नका, आत वायू धरतो). ते पाणी फिरवलं की हिरड्या-सालीचा अंश असलेलं कातडं बघता बघता काळं पडतं. वरून खायच्या सोड्याचं पाणी, म्हणजे आंबटपणा मरतो. रंग वर बसत नाही, कातडंच काळं होतं, त्यामुळे घामानं कपाळाला लागत नाही.

पैशांच्या वेळी संस्थेचे खजिनदार आले. एका मुखवट्याचे साडेतीन हजार ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"अहो ताई, तोंड अर्धंच आहे. अर्धे पैसे घ्या की."

मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "मग नाटक बी अर्धंच करा."

पैसे पूर्ण मिळाले, दोन हप्त्यांत. पोरगा पहिल्या पावसात बुरशी घेऊन आलाच. मुखवटा घामानं ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता त्यानं. पुसून, साच्यावर वाळवून, आतून मेण देऊन परत केला. प्रयोग बघितलेल्या दोन-तीन जणांनी मात्र दिवाणखान्यात टांगायला मुखवटे मागितले, चकचकीत पाहिजेत म्हणाले. ते मी करून देते आणि दर जास्त लावते. भिंतीला घाम येत नाही, तेव्हा ते दुरुस्तीला परत येणार नाहीत. जे मिळवायचं ते एकदाच.